चर्चेअंती मंजूर

वाचकांचे प्रश्न : कंपनी, बोर्ड आणि आपण

मार्चअखेर हिशेब बंद करणाऱ्या कंपनीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबर हा आमच्या धंद्यातला लगीनसराईचा हंगाम. पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या एका लिस्टेड (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपनीत मी सव्वीस वर्षं कंपनी सेक्रेटरी होते, बोर्डाच्या, म्हणजे संचालक मंडळाच्या, बैठकांचे मिनिट्स (इतिवृत्त) लिहायचे. मागच्या अंकात मी लिहिलं होतं, की कंपनी आतून पोखरली जात असेल तर ते आधी मिनिट्स बुकात दिसतं, ताळेबंदात फार उशिरा. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली सहा घेतली आहेत. नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न : मी भौतिकशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, वय ६६. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची कंपनी शेअर बाजाराच्या एसएमई (छोट्या-मध्यम कंपन्यांच्या) मंचावर येते आहे. तो म्हणतो, 'सर, तुम्ही स्वतंत्र संचालक व्हा. वर्षातून चार वेळा यायचं, सही करायची. मीटिंगला वीस हजार देऊ, गाडी पाठवू.' घरचे म्हणतात, मान चालून आलाय, नाही म्हणू नका. मला ताळेबंद वाचता येत नाही. काय करावं? (इचलकरंजी)

उत्तर : सर, 'चार वेळा यायचं' हे त्याचं बरोबर आहे. वर्षाला किमान चार बैठका आणि दोन बैठकांत १२० दिवसांपेक्षा जास्त अंतर नको, असा कायदाच आहे. 'सही करायची' हे मात्र त्यानं चुकीचं सांगितलं. संचालक बोर्डात नेमानं सही करतो ती हजेरीच्या रजिस्टरवर. बाकी ठरावांना कुणी सही मागत नाही. तुम्ही गप्प बसलात की होकार धरला जातो आणि बिस्किटांची बशी पुढं सरकते.

स्वतंत्र संचालक म्हणजे मालकाशी आणि त्याच्या धंद्याशी लागेबांधे नसलेला बोर्डावरचा माणूस. त्याला कायद्यानं थोडं संरक्षण दिलं आहे. २०१३च्या कंपनी कायद्याचं कलम १४९(१२) म्हणतं, की कंपनीनं केलेल्या गैरकृत्याबद्दल त्याला तेव्हाच धरायचं, जेव्हा ते त्याच्या माहितीत होतं, ती माहिती बोर्डाच्या कामकाजातून त्याच्यापर्यंत आली होती आणि त्याची त्याला संमती होती, किंवा त्यानं पुरेशी दक्षता घेतली नाही. हे शेवटचे शब्द लोक वाचतच नाहीत. फाईल घरी आली होती पण मी उघडली नाही, हा बचाव त्यात बसत नाही. न उघडणं हीच तर कसूर.

हैदराबादच्या 'सत्यम' या सॉफ्टवेअर कंपनीच्या बोर्डावर कोण होते आठवून बघा. हार्वर्डचे प्राध्यापक, इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचे डीन, माजी कॅबिनेट सचिव, पेंटियम चिपच्या कामासाठी जगभर नाव झालेले अभियंते. विद्वत्तेला तोटा नव्हता. १६ डिसेंबर २००८ला त्या बोर्डासमोर सत्यमच्या संस्थापक राजू कुटुंबाच्याच दोन 'मेटास' कंपन्या सुमारे १.६ अब्ज डॉलरला घ्यायचा प्रस्ताव आला. इंग्रजीत सत्यम उलटं लिहिलं की मेटास होतं, म्हणजे नात्याचा पत्ता दारावरच लिहिलेला होता. सॉफ्टवेअर कंपनीनं जमिनी आणि बांधकामाचा धंदा का घ्यायचा? बोर्डानं मंजुरी दिली. बाजारात गदारोळ उठला तेव्हा काही तासांतच तो बेत गुंडाळावा लागला. तीन आठवड्यांनी, ७ जानेवारी २००९ला, कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजूंचं पत्र आलं : पुस्तकात दाखवलेल्या रोख आणि बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी रुपये मुळात अस्तित्वातच नाहीत. त्याच्या काही महिने आधी याच कंपनीला उत्तम कारभाराचं मोठं पारितोषिक मिळालं होतं. ते परत घ्यावं लागलं.

ताळेबंद येत नाही म्हणता, पण ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम तुम्ही तीस वर्षं फळ्यावर लिहिलात ना? तेवढं भांडवल पुरेसं आहे. नफा-तोट्याच्या पत्रकातला नफा बघा, मग रोख प्रवाहाच्या पत्रकात 'धंद्यातून आलेली रोख' या ओळीत किती आहे ते बघा. नफा दरवर्षी दहा कोटी आणि रोख दरवर्षी शून्याच्या आसपास, असं तीन वर्षं दिसलं, तर मधे गळती कुठं आहे हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. उत्तर बहुतेक वेळा उधारीत किंवा मालाच्या साठ्यात असतं. ते कधी खरं असतं, कधी नसतं. दुसरं, बँकेतल्या शिलकेचा दाखला ऑडिटरनं थेट बँकेकडून मागवला की कंपनीच्या माणसानं आणून दिला, एवढं विचारा. सत्यममध्ये मुदत ठेवींच्या पावत्याच बनावट निघाल्या.

विद्यार्थ्याला हो म्हणण्याआधी त्याच्या घरी चहाला जा आणि काही गोष्टी विचारून या. तुमच्या जागी आधी कुणी होतं का, ते का गेले? ऑडिटर गेल्या तीन वर्षांत बदलला का? कंपनी ज्यांच्याकडून माल, जागा, ट्रक घेते, त्यांत घरच्यांचं काय-काय आहे? बोर्डाचे कागद सात दिवस आधी मिळतील ना? ऑडिटरशी विद्यार्थ्याच्या गैरहजेरीत बोलता येईल ना? संचालकांसाठी कंपनीनं विमा उतरवला आहे का? ही उत्तरं देताना तो वैतागला नाही, तर चांगली खूण. 'सर, त्याची तुम्ही काळजी करू नका' असं म्हणाला, तर चहा संपवा आणि घरी या.

आणखी दोन गोष्टी. मानेसरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ कॉर्पोरेट अफेअर्सकडे स्वतंत्र संचालकांची नोंदणी करावी लागते आणि दोन वर्षांच्या आत ऑनलाइन परीक्षा द्यावी लागते. पास व्हायला ५० टक्के लागतात. तुम्हाला अवघड नाही. कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात तुमची कर्तव्यं आहेत, ती मात्र परीक्षेसाठी नाही, स्वतःसाठी वाचा. शंका फिटली नाही तर ती मिनिट्समध्ये नोंदवायचा आग्रह धरा, असं त्यात चक्क लिहिलं आहे. वर्षातून एकदा मालक आणि अधिकारी यांना बाहेर ठेवून स्वतंत्र संचालकांनी आपली आपण बैठक घ्यायची, तेही त्यातच आहे. माझ्या नोकरीत ही बैठक बहुतेकदा जेवणाच्या सुट्टीत, भजी गार होण्याआधी उरकली जायची.

प्रश्न : वडिलांनी घेतलेले एका मोठ्या कंपनीचे चाळीस शेअर्स माझ्या नावावर आले. दर वर्षी सभेची नोटीस ई-मेलवर येते, मी डिलीट करते. चाळीस शेअरवाल्या बाईच्या मताला काय किंमत? (नागपूर)

उत्तर : एकटीच्या मताला नाही. पण एक गोष्ट सांगते. नेस्ले इंडियानं परदेशातल्या पालक कंपनीला द्यायची रॉयल्टी विक्रीच्या ४.५ टक्क्यांवरून पाच वर्षांत ५.२५ टक्क्यांपर्यंत न्यायचा ठराव आणला. पालक कंपनीकडे साठ टक्क्यांहून जास्त भांडवल आहे, म्हणजे एरवी ठराव हाताच्या मळासारखा झाला असता. पण व्यवहार त्यांच्याशीच असल्यामुळे तो मंजूर करायला त्यांचं मत चालत नव्हतं. १७ मे २०२४ला निकाल लागला : पडलेल्या मतांपैकी सत्तावन्न टक्के विरोधात. ठराव पडला. मागाहून बोर्डानं ४.५ टक्केच ठेवायचं ठरवलं.

यात मोठा वाटा म्युच्युअल फंडांसारख्या संस्थांचा असतो हे खरं. पण तिथंही तुमचा हात पोचतो. तुमचा एखादा एसआयपी असेलच. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीनं २०२२पासून म्युच्युअल फंडांना प्रत्येक ठरावावर मत देणं सक्तीचं केलं आहे, आणि कुठं कसं मत दिलं, कारण काय, हे त्यांना आपल्या संकेतस्थळावर टाकावं लागतं. तुमच्या पैशानं कुणी कुणाला 'हो' म्हटलं ते एकदा उघडून बघा. चहाबरोबर वाचायला वर्तमानपत्रापेक्षा बरं आहे.

तर नोटीस डिलीट करू नका. तिच्यातले ठराव वरून खाली वाचायचे नाहीत. 'हिशेब स्वीकारणे, लाभांश जाहीर करणे' हे नेहमीचं. खाली 'विशेष कामकाज' असतं, आणि त्याच्याही मागं बारीक अक्षरात स्पष्टीकरण असतं. खरा मजकूर तिथं. कुणाचा पगार वाढतोय, कुणाचा मुलगा पूर्णवेळ संचालक होतोय, कुठली घरची कंपनी माल पुरवणार आहे. मग वार्षिक अहवालात ऑडिटरच्या अहवालाकडे जा आणि 'च्या अधीन राहून', 'वगळता' असे शब्द शोधा. सुरुवातीच्या रंगीत पानांवर वारली चित्रं आणि झाडं लावणारी मुलं असतात, ती शेवटी बघितली तरी चालतात. मत द्यायला मोबाईलवर पाच मिनिटं लागतात. ई-व्होटिंगची खिडकी निदान तीन दिवस उघडी असते.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त अधिकारी. स्वतंत्र संचालक, ऑडिट समिती, जोखीम समिती, नेमणूक समिती, इतकं सगळं झालं. तरी पायाभूत प्रकल्पांना कर्ज देणारी आयएल अँड एफएस बुडालीच. आता नवीन कुठल्या सुधारणेची वाट बघायची? (ठाणे)

उत्तर : साहेब, तुम्ही बँकवाले, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत. समित्या होत्याच. ऑक्टोबर २०१८मध्ये सरकारनं आयएल अँड एफएसचं बोर्ड बरखास्त करून बँकर उदय कोटक यांच्या हाती कारभार दिला, तेव्हा सुमारे ९१ हजार कोटींचं कर्ज आणि तीनशेवर पोटकंपन्या निघाल्या. जोखीम समिती कागदावर होती, पण २०१५ नंतर ती जवळजवळ बसलीच नव्हती. आणि हे नवं नाही. १९५७मध्ये आयुर्विमा महामंडळानं कोलकात्याचे उद्योगपती हरिदास मुंदडांच्या सहा कंपन्यांत १ कोटी २४ लाख रुपये घातले, तेव्हाही महामंडळाची गुंतवणूक समिती होती. तिला विचारलंच नव्हतं. मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी उघड चौकशी केली आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना जावं लागलं. साठ वर्षांत आकडा वाढला, समितीची नावं वाढली.

समित्या वाढवायच्या सुधारणेवर माझा विश्वास नाही. माझ्या मते प्रश्न एकच आहे : नेमतो कोण? स्वतंत्र संचालकाला प्रवर्तक, म्हणजे कंपनी काढणारा मालक, निवडतो, प्रवर्तकाची मतं निवडून आणतात, आणि मग त्यानं प्रवर्तकाला जाब विचारावा अशी अपेक्षा. जावयानं सासऱ्याचा हिशेब तपासायचा म्हणतात तसं. सेबीनं मार्च २०२१मध्ये एक चांगला विचार चर्चेला ठेवला होता, की अशा नेमणुकीला सगळ्या भागधारकांची आणि शिवाय प्रवर्तक वगळून उरलेल्यांची, अशी दोन्हींची संमती लागावी. चर्चा होता-होता तो पातळ झाला आणि १ जानेवारी २०२२पासून फक्त विशेष ठराव, म्हणजे तीन चतुर्थांश मतं, एवढं उरलं. आता हिशेब करा. लिस्टेड कंपनीत प्रवर्तकाला ७५ टक्क्यांपर्यंत भांडवल ठेवता येतं. आणि विशेष ठरावाला लागतात ७५ टक्के. बाकी सगळे शेअरवाले विरोधात गेले, तरी मालक एकटा ठराव पास करतो. ही सुधारणा कुणासाठी झाली ते तुम्हीच ठरवा.

कायद्यात एक विसरलेलं कलम आहे, १५१. लिस्टेड कंपनीत छोट्या भागधारकांना, म्हणजे ज्यांच्या शेअर्सचं दर्शनी मूल्य वीस हजारांच्या आत आहे त्यांना, आपला एक संचालक निवडता येतो. त्यांच्यातल्या हजार जणांनी किंवा एक दशांशांनी, जे कमी असेल तेवढ्यांनी, नोटीस द्यायची. माझ्या अख्ख्या नोकरीत अशी नोटीस माझ्या टेबलावर आली नाही. सेबीला एकच पत्र लिहायचं झालं, तर मी लिहीन की दर लिस्टेड कंपनीत निदान एक जागा अशीच भरा, नोटिशीची वाट न बघता.

प्रश्न : आमची नागरी सहकारी बँक. सभेत अहवाल वाचायच्या आधीच 'मंजूर, मंजूर' सुरू होतं, मग स्टीलचा डबा आणि अल्पोपाहार. मला प्रश्न विचारायचे असतात. कंपनीचे नियम आम्हाला लागू आहेत का? (कराड)

उत्तर : कंपनी कायदा लागू नाही. तुमच्यावर सहकार कायदा आणि रिझर्व्ह बँक असे दोन सासुरवास. पण दुखणं तेच. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर २०१९मध्ये निर्बंध आले, तेव्हा ठेवीदाराला सुरुवातीला खात्यातून काढायला फक्त एक हजार रुपये होते. पुढं दिसलं, की कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त एकाच बांधकाम समूहाकडे गेली होती आणि ती लपवायला एकवीस हजारांवर बनावट खाती उघडली होती. त्या बँकेच्या सभाही 'खेळीमेळीच्या वातावरणात'च पार पडल्या असणार.

प्रश्न सभेत विचारायला जागा मिळणार नाही, म्हणून आधीच लेखी द्या आणि पोच घ्या. मी तुमच्या जागी असते तर तीनच विचारले असते. सर्वांत मोठ्या वीस कर्जदारांकडे एकूण कर्जाचा किती टक्के भाग आहे? शंभर कोटींवर ठेवी असतील तर रिझर्व्ह बँकेनं सांगितलेलं व्यवस्थापन मंडळ नेमलं आहे का, त्यात कोण आहेत? आणि संचालक किंवा त्यांच्या नातेवाइकांच्या संस्थांना कर्ज आहे का? नागरी बँकांना ते देता येत नाही. बुडाल्यावर सहकार कायद्याच्या कलम ८८ची चौकशी होऊन संचालकांवर जबाबदारी निश्चित होते खरी, पण ती होईतो ठेवीदाराची नातवंडं शाळेत जायला लागतात. ठेव विमा पाच लाखांपर्यंत आहे, मुद्दल आणि व्याज धरून. त्यापुढची रक्कम एकाच बँकेत ठेवू नका. डबा घ्या, तो तुमच्याच पैशाचा आहे.

प्रश्न : नऊ वर्षांपूर्वी यजमानांनी प्रायव्हेट लिमिटेड काढली, दुसरा संचालक हवा म्हणून माझं नाव घातलं. कंपनी दोन वर्षांत थंडावली. आता मला मैत्रिणीबरोबर नवीन कंपनी काढायची आहे, तर सीए म्हणतात तुम्ही अपात्र आहात. मी तर कधी ऑफिसही बघितलं नाही. (डोंबिवली)

उत्तर : तुमच्यासारख्या हजारो आहेत. तीन वर्षं सलग हिशेब किंवा विवरणपत्र दाखल झालं नाही, की कलम १६४(२)नुसार सगळे संचालक पाच वर्षांसाठी अपात्र होतात, दुसऱ्या कुठल्याही कंपनीत नेमले जाऊ शकत नाहीत. २०१७मध्ये सरकारनं एका फटक्यात तीन लाखांहून जास्त संचालकांवर हे लागू केलं, तेव्हा कितीतरी घरांत बायकोला पहिल्यांदा कळलं की आपण संचालक आहोत. 'मला माहीत नव्हतं' चालत नाही. सीएंना अपात्रतेची तारीख विचारा, पाच वर्षं संपली असतील तर मार्ग आहे. जुनी कंपनी अजून नोंदीवर असेल तर थकलेली विवरणपत्रं भरून ती रीतसर बंद करून घ्या. आणि यजमानांनी त्या काळात कंपनीच्या कर्जाला तुमची वैयक्तिक हमी दिली होती का, हे आज रात्रीच विचारा. खरं संकट तिथं असतं.

(जाता-जाता : लिस्टेड कंपनीत किमान एक स्त्री संचालक हवी, हा नियम २०१५मध्ये लागू झाला, तेव्हा बऱ्याच मालकांना अचानक आपापल्या पत्नी आणि सुना आठवल्या. मग सेबीला मोठ्या कंपन्यांसाठी सांगावं लागलं, की ती स्त्री स्वतंत्र संचालक हवी.)

प्रश्न : मॅडम, मी पंचवीस वर्षांची, एका प्रायव्हेट कंपनीत पहिलीच नोकरी, असिस्टंट कंपनी सेक्रेटरी. बँकेला कर्जासाठी बोर्डाचा ठराव हवाय, तोही मागच्या महिन्याच्या तारखेचा. बैठक झालीच नाही. साहेब म्हणतात, 'सगळे संचालक घरचेच आहेत, लिहून टाक, सगळीकडे असंच करतात.' मी काय करू? (नाशिक)

उत्तर : तुला अगं-तुगं करते, राग मानू नकोस. साहेब खोटं बोलत नाहीत, बऱ्याच ठिकाणी असंच करतात. पण मिनिट्समध्ये फेरफार करणाऱ्याला कलम ११८(१२)खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि न झालेली बैठक लिहिणारा हात तुझा असेल, साहेबांचा नाही.

नुसतं 'नाही' म्हणू नकोस, त्यांना रस्ता दाखव. कर्ज घ्यायचा ठराव नुसता कागद फिरवून होत नाही, त्याला बैठक लागते. पण ती व्हिडिओवर घेता येते, तातडीची असेल तर कमी मुदतीतही. संचालक घरचेच आहेत ना? मग उद्या सकाळी साडेनऊला सगळे आपापल्या मोबाईलवर येतील, दहा मिनिटांत ठराव होईल, तू त्याच तारखेची प्रत काढशील. बँकेला मागची तारीख का हवी ते बँकेच्या माणसाला फोन करून विचार. बऱ्याचदा त्यांच्या चेकलिस्टचा प्रश्न असतो आणि उद्याची तारीखही चालते. साहेब तरीही अडले, तर हेच सगळं त्यांना एका सभ्य ई-मेलमध्ये लिही. फोनवर नको.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एप्रिल २०२३पासून कुणी काय कधी बदललं याची नोंद बंद करता येत नाही. मिनिट्सना तसलं कुलूप नाही. पानांना क्रमांक, पान चिकटवायचं नाही, प्रत्येक पानावर अध्यक्षांची आद्याक्षरं, बस. बाकी सगळं लिहिणाऱ्यावर.

आता माझं सांगते, कारण मागच्या अंकात मी फार शहाणपणा केला होता. २००३ची गोष्ट. विषयपत्रिका संपली आणि 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय' यात एक जमीन आली. विकणारी भागीदारी संस्था अध्यक्षांच्या मेहुण्यांची. बोर्डावर एक वयस्क गृहस्थ होते, बँकेतून निवृत्त झालेले, पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं. ते म्हणाले, 'किंमत कुणी ठरवली? मूल्यांकनाचा कागद दिसत नाही. माझा या ठरावाला विरोध आहे, तसं लिहा.' मी पॅडवर शॉर्टहँडमध्ये शब्दन् शब्द घेतला. संध्याकाळी अध्यक्षांनी बोलावलं. आवाज अजिबात चढला नव्हता. 'बाई, एवढं कशाला? चर्चा झालीच की. चर्चेअंती मंजूर, असं लिहा.' विरोध करणाऱ्या संचालकाचं नाव लिहिणं तेव्हाच्या कायद्यातही सक्तीचं होतं आणि ते मला तोंडपाठ होतं. मुलीच्या इंजिनिअरिंगची फी पुढच्या आठवड्यात भरायची होती. मी 'चर्चेअंती मंजूर' लिहिलं.

पुढच्या बैठकीला ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे आले नाहीत. मिनिट्स कायम झाले. मसुदा घरी पाठवायची पद्धत आमच्याकडे तेव्हा नव्हती. वर्षभरानं त्यांनी राजीनामा दिला, आणि तोही मीच टाईप केला : प्रकृतीच्या कारणास्तव. चार वर्षांनी तपासणी लागली आणि त्या जमिनीबद्दल खुलासा मागणारं पत्र सगळ्या आजी-माजी संचालकांना गेलं. त्यांनी मिनिट्सची प्रत मागवून घेतली आणि मला घरी फोन केला. 'बाई, माझं वाक्य कुठं गेलं?' ते पॅड मी मिनिट्स कायम झाल्यावर रिवाजाप्रमाणे फाडून टाकलं होतं. मी काहीतरी पुटपुटले. ते 'ठीक आहे' म्हणाले आणि फोन ठेवला.

तेव्हा एक कर. आता बैठक झाल्यापासून पंधरा दिवसांत मिनिट्सचा मसुदा सगळ्या संचालकांना पाठवायचा नियम आहे, आणि त्यांना उत्तराला सात दिवस मिळतात. तो एकेकाला नको, सगळ्यांना एकाच ई-मेलनं पाठव, साहेबांना दाखवायच्या आधी.